'क्विट' : एक इंग्रजी क्रियापद

'क्विट' हें इंग्रजी क्रियापद लहान. अर्थ मात्र अनेक. नोकरीसंबंधानें आलें तर राजीनामा देणें, तंबाखूसंबंधानें आलें तर व्यसन सोडणें, आणि भाडेकऱ्याच्या नोटिशींत आलें तर जागा खाली करणें.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस काँग्रेसनें 'क्विट इंडिया'चा ठराव संमत केला. मराठींत आपण त्यास 'चले जाव' म्हटलें. त्यांत आवेश पुष्कळ. परंतु घर कोणाचें, हें त्यांत येत नाहीं. 'क्विट'मागें नोटीस देणारा मालक उभा असतो.

दुसऱ्याच दिवशीं नेहरू, पटेल, आझाद प्रभृतींस पकडून आपल्या नगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. भाडेकऱ्यानें मालकासच कोंडलें! तथापि १९४७ सालीं जागा खाली झाली. म्हणून शब्दाचा अर्थ पाहतांना तो कोण कोणास म्हणतो, हेंहि पाहावें.