घरची काचपेटी आणि नदीचा मासा



तासगाव तालुक्यातून वाहणारी येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. कृष्णा-भीमेच्या पाण्यातील नुक्ता, ज्याचे वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ साली केले, आज संकटग्रस्त गणला जातो. मुस्कटावर शिंगासारखा उंचवटा असलेला हा मासा किती जणांनी पाहिला असेल?

घरच्या काचपेटीने मासा वाचतो काय? मेक्सिकोतील तेउचित्लान नदीतून नाहीसा झालेला एक चिमुकला मासा युरोपातील हौशी पालकांच्या टाक्यांत जगून राहिला. १९९८ साली त्याच्या पाच जोड्या तेथील विद्यापीठास मिळाल्या. त्यांची प्रजा काही वर्षे तळ्यांत वाढवून मगच नदीत सोडण्यात आली.

नुक्ता मात्र वाहत्या पाण्याचा. घरच्या पेटीत तो मावणार नाही. म्हणून येथील पालकाचे काम निराळे आहे. केरळच्या ओढ्यांतील डेनिसन मासा हवाच असेल, तर पकडून आणलेला नव्हे, पैदास केलेला मागावा. आणि पेटीत न मावणारा सकर मासा येरळेत किंवा गावतळ्यात कदापि सोडू नये. तो दक्षिण अमेरिकेतील. त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात. नकोसे मासे परत घेण्यासाठी ग्रामपंचायतीस शाळेत एखादी टाकी ठेवता येईल. खर्च फारसा नाही.