झोपलेला पाहुणा

कोआला दिवसाचे १८ ते २० तास झोपतो. निलगिरीच्या पानांत सत्त्व कमी, विषारी अंश बराच. ती पचवण्यातच त्याची शक्ती खर्च होते. 'एवढंच?' म्हणत पाहणारा पुढे सरकतो. म्हणून त्याला लोकांच्या कडेवर देण्याची प्रथा पडली. ब्रिस्बेनच्या, १९२७ साली सुरू झालेल्या 'लोन पाइन' प्राणिसंग्रहालयाने ती २०२४ मध्ये थांबवली.

मग दाखवायचं काय? मला वाटतं, ताजी फांदी देण्याची वेळ फलकावर लिहावी. तेव्हा तो बहुधा जागा होतो. मुलांना पानांचा वास घेऊ द्यावा, खोडावरचे नखांचे ओरखडे दाखवावेत.

आमची अम्मी पाळण्याजवळ जाताना बांगड्या वर सारायची. पाहुण्यांना बाळाचं तोंड दाखवायची, पण त्याला उठवायची नाही. तेवढी अदब कोआलापुढेही पुरे.