बॅटरीचा राखीव साठा
(महाबळेश्वर येथे सरपंच व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आपल्या महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना पुढे शिवसागर जलाशयात साठते आणि तिच्या पाण्यापासून वीज निर्माण होते. तरीही आषाढ-श्रावणात झाडे कोसळून तारा तुटल्या, की येथे अंधार पसरतो. मग शाळेचा संगणक आणि ग्रामपंचायतीचे दिवे बॅटरीवरच चालतात.

धरणात जसा मृतसाठा, तसा बॅटरीतही काही साठा राखावयास हवा. बारा व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण चार्ज करून, भार काढून काही तास ठेवल्यास सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. निम्मा साठा सरला, की सुमारे १२.२; आणि ११.९ च्या आसपास ती जवळजवळ रिकामी असते. घट इतकी अल्प, की ती सहजी लक्षात येत नाही.

वीज खर्च होताना बॅटरीतील प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. लगेच चार्जिंग केल्यास ते विरघळते. ढगाळ हवेत सौर दिव्यांची बॅटरी कित्येक दिवस अपुरी चार्ज राहिली, तर ते कठीण बनते आणि साठवणशक्ती कायमची घटते.

म्हणून निम्म्याहून अधिक साठा शक्यतो वापरू नये. वीज येताच चार्जिंग करावे. दरमहा व्होल्ट मोजून नोंदवहीत लिहावेत. अकाली निकामी झालेल्या बॅटरीची किंमत अखेर गावालाच मोजावी लागते.