गाडी लागली नव्हती, गाडी लीक होती

आजचा विषय आहे सायलेन्सरच्या पाइपचे जॉइंट. आता लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. याच जॉइंटपायी माझी धाकटी बहीण आंबोली घाटात जवळजवळ शुद्ध हरपायच्या बेतात आली होती, आणि आम्ही दोघंही म्हणत होतो, "काही नाही, गाडी लागली."

आधी गाडीबद्दल. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नाव ऐकलेलं नसेल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्याच देशात, गोव्यात बनलेली ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी, वर कापडी टप आणि पुढे ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन. फार थोड्या बनल्या. त्यामुळे कोल्हापुरात सिग्नलला थांबलो की शेजारचा बाइकवाला हमखास विचारतो, "भावा, ही कुठली?"

मी घेतली तेव्हाच गाडी वीस वर्षांच्या पुढची होती. दोनेक महिन्यांत तिचा आवाज बदलला. रेस दिली की खालून फर्रर्र असा मस्त खर्जातला आवाज यायचा. खरं सांगतो, मला तो आवडायला लागला होता. लोक पैसे घालून असा आवाज करून घेतात, आपल्याला फुकट मिळाला, असं वाटायचं. मित्राला फोनवर रेकॉर्ड करूनही पाठवला होता. ही माझी पहिली चूक. गाडीचा आवाज आपोआप भारी होत नाही. काहीतरी सुटलेलं असतं, फाटलेलं असतं.

जुलैमध्ये मी आणि ताई, म्हणजे माझी धाकटी बहीण, घरात तिला सगळे ताईच म्हणतात, सावंतवाडीला निघालो. आजऱ्यापासून पावसाने झोडपायला सुरुवात केली. टप लावलेला, काचा बंद, आत काचांवर वाफ. तिचं डोकं आजऱ्याच्या पुढे दुखायला लागलं. मग मळमळ. आंबोलीत चहाला थांबलो, ती टपरीबाहेर वाऱ्याला उभी राहिली आणि दहा मिनिटांत म्हणाली, "दादा, बरं वाटतंय, चल." गाडीत बसलो, घाट उतरायला लागलो आणि परत तेच. या वेळी जास्त. बोलताना शब्द अडखळत होते. "झोप येतीय रे," म्हणाली आणि मान टाकली.

घाटात कुणाचंही पोट ढवळलं की आपण काय म्हणतो? गाडी लागली. लिंबू दे, आवळा सुपारी दे, डोळे मीट. मीही तेच म्हटलं. बॅगेत कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर होतं, ते बोटाला लावलं. ९८! मी निवांत.

पण एक गोष्ट खटकत होती. माझंही डोकं कपाळापाशी ठणकत होतं. आता विचार करा, गाडी चालवणाऱ्याला गाडी लागते का? सहसा नाही. तिथे माझी ट्यूब पेटली. पावसातच टप खाली केला, दोघंही भिजत सावंतवाडीत पोचलो आणि थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी दोनच प्रश्न विचारले. "दोघांचंही डोकं दुखतंय? आणि गाडीतून उतरल्यावर बरं वाटतं?" दोन्हीला हो म्हटल्याबरोबर त्यांनी ताईला ऑक्सिजन लावला.

तो होता कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. पेट्रोल अर्धवट जळलं की तो तयार होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं, म्हणजे ऑक्सिजनची जागाच अडवली जाते. आणि ऑक्सिमीटर? साध्या ऑक्सिमीटरला या दोघांतला फरक कळत नाही. मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. त्यामुळे त्या ९८ वर विसंबलो ही माझी दुसरी चूक. साध्या हवेत तो वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. संध्याकाळपर्यंत ताई उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "तुझ्या गाडीत मी परत बसणार नाही." बरोबरच होतं तिचं.

कोल्हापुरात परत आल्यावर एका ठिकाणी गाडी दाखवली. त्यांनी पाइपच्या जॉइंटवर लांबीसारखी पेस्ट थापली, वर पत्र्याची पट्टी गुंडाळली, तारेने बांधली. आवाज बंद! तीन दिवसांनी फर्रर्र परत सुरू. असं का झालं? इंजिनजवळचा पाइप कित्येक शे अंश तापतो. गाडी चालू केली की पाइप तापून लांबतो, बंद केली की आखडतो. शिवाय इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, प्रत्येक रेसला ते डुलतं. या हलणाऱ्या, तापणाऱ्या जागी कडक झालेली पेस्ट तडकणारच.

मग उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन चालूच केलं नाही. थंड गाडी रॅम्पवर घेतली, व्हॅक्युम क्लीनरची नळी उलटी लावून मागच्या पाइपमधून हवा भरली आणि जॉइंट-जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. पंक्चर काढताना ट्यूबला करतात तसंच. दोन ठिकाणी बुडबुडे आले. एक पुढच्या पाइपच्या फ्लँजवर, तिथे काजळीचा काळा पंखाही उमटला होता. दुसरा मधल्या पाइपवर, जिथे एक पाइप दुसऱ्यात घुसतो आणि वर यू-क्लँप असतो. हा दुसरा जॉइंट बरोबर ताईच्या सीटखाली होता. आणि त्याच्या वर फ्लोअरमध्ये केबल जायच्या भोकाचं रबर गळून पडलेलं. धुराला आत यायला सरळ वाट.

मी विचारलं, "किती वेळात होईल?" ते म्हणाले, "जॉइंट तासाभरात हुईल. पण तो का सुटला ते बघू दे की आधी."

मंडळी, या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जॉइंट आपणहून सुटत नाही. मागचा सायलेन्सर ज्या रबराच्या हँगरवर लटकतो, त्यातला एक तुटला होता आणि कुणीतरी तारेने बांधला होता. तार लवचिक नसते, त्यामुळे सगळा भार आणि हिसका पाइपवर. त्यात ही गाडी जमिनीला टेकलेली. आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. प्रत्येक ब्रेकरवर पाइप घासायचा आणि दणका थेट जॉइंटला. म्हणजे पहिल्या दुरुस्तीत पेस्टच्या जागी सोन्याचा मुलामा दिला असता तरी तो टिकला नसता.

मग काम असं झालं. फ्लँजच्या गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी पाना लावून थोडं सैल, थोडं परत घट्ट, असं हळूहळू सोडवलं. तरी एक स्टड तुटलाच, तो ड्रिल करून काढला. दोन्ही फ्लँजवरची जुनी गॅस्केट खरवडली, मग स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात पाहिलं. मधे फट दिसत होती, म्हणजे तोंड वाकलेलं. कानशीने सपाट केलं. गॅस्केट नवीन. जुनं गॅस्केट चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही, ते एकदाच दबतं. नवे स्टड, कॉपर ग्रीस, पितळी नट, म्हणजे पुढच्या वेळी सुटतील. आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर दुसरीकडे फट राहते.

मधल्या जॉइंटवर यू-क्लँपने पाइप चेपून त्याला कंगोरा पडला होता. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, पाइप एकमेकांत दीड-दोन इंच घुसवले आणि यू-क्लँपऐवजी रुंद पट्टीचा क्लँप लावला. तो गोल बसतो, पाइप चेपत नाही. पण तो शेवटी आवळला. आधी सगळे हँगर नवे लावले, पाइप कुठे ताणलेला नाही ना ते पाहिलं, मगच. फ्लोअरच्या भोकाला नवं रबर. चार दिवस गाडी चालवून, थंड झाल्यावर सगळे नट परत एकदा तपासले.

आता तुमच्यासाठी. स्पोर्ट्स कार कशाला, घरची जुनी अल्टो असली तरी हे लागू आहे. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो? जॉइंट बघून घ्या. गाडीत एकापेक्षा जास्त लोकांचं डोकं दुखतंय, बाहेर उतरलं की बरं वाटतंय? ती गाडी लागणं नाही. थांबा, सगळे खाली उतरा, दवाखान्यात जा. आणि स्वतः तपासणार असाल तर मोकळ्या जागेत, थंड गाडीवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जायचं नाही.

आता गाडीचा आवाज एकदम साधा झालाय. सिग्नलला कुणी मान वळवून बघत नाही, निदान आवाजामुळे तरी नाही. गेल्या महिन्यात ताई पुन्हा गाडीत बसली. रंकाळ्यापर्यंतच, आणि टप उघडा ठेवायच्या अटीवर. तेवढं मी मान्य केलं.

चला, भेटूया पुढच्या भागात. आणि हो, आज संध्याकाळी गाडी लावताना एकदा वाकून खाली बघा. एखादा हँगर तारेने बांधलेला दिसला तर समजून जा.