जानेवारीच्या थंडीत आई पंखा का लावते? (बोललेल्या भागाचा मजकूर)

आजचा भाग नेहमीपेक्षा वेगळा आहे. एरवी आपण नोकरी, इंटरव्ह्यू, कोडिंग असलं बोलतो. आज मी आईबद्दल बोलणार आहे. तिला विचारून बोलतोय, हे आधीच सांगतो. ती म्हणाली, "सांग की. पण माझं नाव घेऊ नको, आणि रडकं करू नको."

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या कारखान्यापासून फार लांब नाही. मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या जानेवारीत महिनाभर घरून काम करत होतो. ऊसतोड जोरात चाललेली. थंडी अशी, की रात्रपाळीची लाईट आली म्हणून पाणी द्यायला निघालेला माणूस कानटोपीशिवाय बाहेर पडत नव्हता. आणि अशा थंडीत आई रात्री दोनला उठून पंखा लावायची. नाहीतर दार उघडून पायरीवर जाऊन बसायची. वडील गोधडी ओढून म्हणायचे, "हिला उष्णता झालीय." मग सब्जा, गुलकंद, ताक. दिवसा चिडचिड झाली, की घरात सगळ्यांचं एकच मत: हिचा स्वभाव बदललाय.

एका रात्री माझा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल होता. तो संपवून बाहेर आलो तर आई पायरीवर बसून पदरानं मान पुसत होती. विचारलं, काय होतंय? म्हणाली, "छातीतनं भडका उठतो, तोंडापर्यंत येतो. घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष? मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? पाळी जायच्या वयात बायकांना होतंच."

मी तिला रोज फोन करायचो. रोज "जेवलीस का" विचारायचो. "झोपलीस का" हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता हे होतं कशामुळे, ते थोडक्यात. सलग बारा महिने पाळी आली नाही, की त्याला मेनोपॉज म्हणतात, म्हणजेच रजोनिवृत्ती. आपल्याकडे त्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्रास मात्र त्याच्या आधीच सुरू होऊ शकतो आणि नंतरही काही वर्षं चालतो. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं, की तो फार हळवा होतो. शरीर जरासं तापलं तरी त्याला वाटतं, आग लागली. मग तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो आणि घाम सोडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर अलार्मची मर्यादा चुकून खाली आलीय. आग नाही, पण भोंगा खरा वाजतोय. म्हणून "मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे.

पहिलं काम डॉक्टरांचं. थायरॉईड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड होते. त्यामुळे थायरॉईड, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन एवढं तपासून घ्या. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे दर वेळी पुण्याला पळायची गरज नाही. आणि एक गोष्ट लिहून ठेवा: पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर थोडं जरी रक्त दिसलं, तरी थांबायचं नाही. लगेच दाखवायचं.

आईचे रिपोर्ट बरे आले. डॉक्टर म्हणाल्या, त्रास फार वाढला तर गोळ्या आहेत, हार्मोनचाही उपचार आहे, तो तब्येत बघून ठरवू. तोवर श्वासाचे आणि शरीर सैल सोडायचे व्यायाम करा.

इथं मी माझ्या स्वभावावर गेलो. मोबाईलवर एक अ‍ॅप टाकलं. त्यात एक बाई गोड इंग्रजीत सांगायची, की तुम्ही समुद्रकिनारी आहात अशी कल्पना करा. मी वाक्यावाक्याला भाषांतर करत होतो. आई दोन मिनिटांनी म्हणाली, "समुद्र मी एकदाच बघितला, तेव्हा माझी चप्पल वाहून गेली." अ‍ॅप काढून टाकलं. मग मी स्वतःच्या आवाजात पंधरा मिनिटांचं मराठी रेकॉर्डिंग केलं. त्यातलं सांगतो, तुम्हीही करू शकता.

पहिली पाच मिनिटं श्वास. भिंतीला टेकून बसा, खुर्ची असली तरी चालेल. एक हात पोटावर. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, पोट फुगू द्या. सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास कोंडून धरायचा नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून साधा श्वास घ्या.

पुढची आठ मिनिटं स्नायू आवळायचे आणि सोडायचे. ही पद्धत एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं शंभरेक वर्षांपूर्वी मांडली. आईसाठी मी ती अशी सांगितली: मुठी आवळ, विहिरीचा दोर ओढताना आवळतेस तशा. पाच मोज. सोड. आता खांदे कानापर्यंत वर घे. सोड, डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकल्यासारखं. मग कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. आवळायला पाच सेकंद, सोडायला पंधरा. दुखऱ्या गुडघ्याला जोर द्यायचा नाही. शेवटची दोन मिनिटं नुसतं पडून राहायचं.

आता खरं बोलूया, कारण यूट्यूबवर "सात दिवसांत गरम वाफा बंद" असले व्हिडिओ ढिगानं आहेत. बंगळूरला १२० बायकांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी योग करणाऱ्या गटाच्या वाफा, घाम आणि झोपेच्या तक्रारी साधा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाल्या होत्या. स्वीडनमध्ये ६० बायकांवर स्नायू सैल सोडण्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यास झाला, त्यातही फरक दिसला. पण नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीनं २०२३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले. वाफा कमी करण्यासाठी संथ श्वास, योग किंवा रिलॅक्सेशन यांची शिफारस त्यांनी केली नाही, कारण पुरावा तेवढा पक्का नाही. विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या समुपदेशनाची मात्र शिफारस केली.

आणि आमच्या घरचा आकडा? मी एक्सेल शीट केली होती. दिवसाला वाफा किती, रात्री जाग किती वेळा. आठ आठवड्यांनी वाफा जवळपास तेवढ्याच होत्या. मी पडेल चेहऱ्यानं तिला शीट दाखवली. ती म्हणाली, "आरं, वाफ येतीच. पण आता ती आली की मी घाबरत न्हाई. श्वास मोजते, ती जाते, मी झोपते." आधी एकदा जाग आली की पहाटेपर्यंत डोळा लागत नव्हता. आता पंधरा-वीस मिनिटांत लागतो. माझ्या शीटमध्ये त्याचा रकानाच नव्हता. मी चुकीची गोष्ट मोजत होतो.

दुसरा बदल व्यायामाचा नाही. संध्याकाळी दिवा लावल्यानंतर ती पंधरा मिनिटं घरात कुणाला मिळत नाही. तेव्हा वडील स्वतः चहा करतात. पहिल्यांदा केला तेव्हा साखर विसरले. आणि "हिचा स्वभाव बदललाय" हे वाक्य घरातून गेलं. मला विचाराल, तर निम्मा गुण त्यालाच.

शेवटचं. त्याच हंगामात आमच्या रानात तोडणीला टोळी होती. त्यातल्या एक मावशी आईला म्हणाल्या, "मला पण असंच होतं." वय पस्तिशीचं. पिशवी काढलेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारनं चौकशी समितीही नेमली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर मेनोपॉज लगेच येतो आणि जास्त जोरात येतो. नुसती पिशवी काढली तरी तो लवकर येऊ शकतो. एवढ्या लवकर आला तर हाडं आणि हृदय यांचाही प्रश्न असतो, तिथं नुसते व्यायाम पुरत नाहीत, डॉक्टर लागतात. आईनं त्यांना श्वास मोजायला शिकवलं. त्या हसून म्हणाल्या, "ताई, पंधरा मिनिटं कुठली आणू?" पहाटे चारला कोयता हातात घेणाऱ्या बाईला मी काय सांगणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. वडिलांनी तेवढं केलं, की मुकादमाशी बोलून त्यांना एक दिवस दवाखान्यात पाठवलं, खाडा न धरता.

तर मंडळी, हा भाग ऐकून झाला की घरी फोन करा. आई, मावशी, काकू, कुणीही. "जेवलीस का" विचारून झालं, की पुढं "रात्री झोप लागते का" एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते लगेच येत नाही.

रेकॉर्डिंग कुणाला हवं असेल तर कळवा, पाठवतो. आवाज माझाच आहे, मागं कोंबडा आरवतो, तेवढं चालवून घ्या. भेटू पुढच्या भागात.