अपस्मार आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो आपल्या घरांतून दार लावून बोलला जातो. तो विषय म्हणजे अपस्मार. आपल्या बोलीत फेफरे किंवा आकडी.

शिक्षकाच्या पेशात असताना आमच्या वर्गातील एका हुशार मुलास झटका आला. आम्ही त्याच्या दातांत चमचा घातला, नाकाशी कांदा धरला आणि दुसऱ्या दिवशी 'मुलास घरीच ठेवावे' असा सल्ला त्याच्या वडिलांस दिला. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. आमच्या या तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. त्यांत तिसरी अक्षम्य. ते शल्य आजही मनात आहे.

हा दैवी कोप नव्हे, मेंदूचा विकार होय, असे ग्रीक वैद्यकात सुमारे २४०० वर्षांपूर्वीच सांगितले गेले. मेंदूतील विद्युत्क्रिया काही काळ अनावर झाली म्हणजे झटका येतो. १९१२ साली फिनोबार्बिटोन व १९३८ साली फेनिटॉइन ही औषधे उपयोगात आली. पुढे आणखी अनेक आली.

परंतु रोग्याचे पुढे काय होते? ग्लासगो येथील संशोधकांनी १९८२ पासून सुमारे तीन दशकांत उपचार सुरू केलेल्या १७९५ रोग्यांची हकीकत २०१८ साली प्रसिद्ध केली. शंभरांतील सुमारे ६४ जणांचे झटके वर्षभर वा अधिक काळ थांबले होते, आणि त्यांतील बहुतेकांना पहिल्याच औषधाने गुण आला. उरलेल्यांचा मार्ग बिकट आहे, हेही लपवू नये. त्यांतील काहींना शस्त्रक्रियेचा लाभ होतो. दहा वर्षे झटका नाही आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे औषधही नाही, तर रोग निवळला असे तज्ज्ञ मानतात.

मात्र मनाने गोळी बंद करणे धोक्याचे आहे. आपल्याकडे हे नेमके विवाहानंतर घडते. सोयरीक जुळविताना आजार लपविला जातो, सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, ती चुकते आणि झटका परततो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेली अपस्माराची अट १९९९ साली काढून टाकण्यात आली. कायद्याने सोडलेली अट आपण का धरून बसावे? वधूवरपक्षांनी वाङ्निश्चयापूर्वी मोकळेपणाने सांगावे, आणि ऐकणाऱ्याने तेवढ्यावरून पाठ फिरवू नये.

झटका आल्यास रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे; पाच मिनिटांत तो न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून गरजू मुलांच्या औषधांचा खर्च व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे. या आजारापायी आपल्यातील एकाही मुलाची शाळा सुटू नये.