सेन्सर खोटें केव्हां बोलतो ?



रस्त्यांचीं, धरणांचीं व खाणींचीं कामें आज ज्या यंत्रांच्या बळावर चालतात, त्यांपैकीं खोदाईचें यंत्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. आपल्याकडे त्यास सर्रास पोकलेन म्हणतात. वास्तविक हें एका फ्रेंच कारखान्याचें नांव. पण तें आतां जातिवाचक होऊन बसलें आहे. हें धूड पूर्वीं लोखंड, तेल आणि डिझेल एवढ्यांवरच चालत असे. आतां त्याच्या अंगांत तारांचें जाळें पसरलें असून जागोजागीं सेन्सर बसविलेले असतात. सेन्सर हें यंत्राचें ज्ञानेंद्रिय होय. पाणी किती तापलें, तेलाचा दाब किती, हें तो विजेच्या भाषेंत यंत्रांतील संगणकास कळवितो. धुरावरील निर्बंध जसजसे कडक होत गेले, तसतशी या इंद्रियांची संख्या वाढली. आपल्या देशांत चाकांवर चालणाऱ्या बांधकामयंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले नियम हे त्याचेंच एक उदाहरण. परिणाम असा कीं, पूर्वीं रोग स्नायूंत होत असे, तो आतां मज्जातंतूंतही होऊं लागला.

असा रोग झाला म्हणजे पडद्यावर आंकडे झळकतात, इंजिनाची शक्ति आपोआप कमी होते आणि काम थांबतें. डंपरांची रांग खोळंबते. मालकाच्या डोळ्यांपुढें बँकेचा हप्ता उभा राहतो. मिस्त्री येतो, आंकड्यावरून सेन्सरचें नांव वाचतो व नवा सेन्सर बसवितो. पुनः तोच आंकडा ! मग आणखी एक सेन्सर. मालकाचे हजारों रुपये जातात व दोष जागच्या जागीं राहतो. याला मी दुरुस्ती म्हणत नाहीं. ही सोडत झाली. आंकडा अपराध्याचें नांव सांगत नाहीं, फक्त गल्लीचें नांव सांगतो. त्या गल्लींत सेन्सर राहतो, त्याच्या तारा राहतात, त्यांना जोडणारा कपलर राहतो आणि टोकाच्या घरांत संगणकही राहतो.

पुष्कळ यंत्रांत जे-१९३९ या नांवाची सांकेतिक पद्धत असते. तींत दोषाचे दोन आंकडे असतात : पहिला, कशाविषयीं तक्रार आहे तें सांगतो व दुसरा, तक्रारीचा प्रकार सांगतो. उदाहरणार्थ, ११० म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचें तपमान. त्यापुढें ० असेल, तर तपमान खरोखरच धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेलें, असा अर्थ. पुढें ३ असेल, तर सेन्सरच्या तारेवरील विद्युद्दाब वाजवीपेक्षां जास्त. ४ असेल, तर कमी. हा भेद ज्यास कळला त्याचें अर्धें काम झालें. पहिल्या प्रकारांत सेन्सर खरें बोलत असतो. तेव्हां रेडिएटर पाहावा, पट्टा पाहावा, पाणी पाहावें. पण कित्येक ठिकाणीं काय करतात ? सेन्सर काढून त्याच्या जागीं एक ठराविक रोध जोडतात, म्हणजे इंजिन सदैव थंडच आहे, असें संगणकास वाटत राहतें. रावणानें दूताचें शेपूट पेटविलें, त्यांतून लंकेचें काय झालें हें आपण जाणतांच.

आतां ३ आणि ४ यांचा विचार करूं. पाण्याच्या सेन्सरच्या पोटांत एक लहानसा मणी असतो. तो तापला कीं त्याचा रोध कमी होतो. एका प्रचलित जातींत २० अंशांवर हा रोध सुमारें अडीच हजार ओहम, तर १०० अंशांवर दोनशें ओहमच्याही खालीं असतो. संगणक आपल्या पोटांतील एका रोधामधून या मण्याकडे ५ व्होल्ट पाठवितो व वाटेंत किती उरले तें मोजतो. तार तुटली, तर ५ व्होल्ट तसेच राहतात; आंकडा ३ येतो. तार घासून लोखंडी सांगाड्यास टेकली, तर कांहींच उरत नाहीं; आंकडा ४ येतो. "गुरुजी, ओहमच्या नियमाचा उपयोग काय ?" असें वर्गांत मुलें विचारीत. १८२७ सालीं हा नियम प्रसिद्ध करणारा ओहम हाही कलोन येथें शाळामास्तरच होता. त्यालाही हा प्रश्न ऐकावा लागला असेल.

यावरून परीक्षेची रीत आपोआप निघते. ११०-४ आला असेल, तर सेन्सरचा कपलर काढावा. आंकडा बदलून ३ झाला, तर तारा निर्दोष असून सेन्सर आंतून जळला आहे. ४ तसाच राहिला, तर नवा सेन्सर आणूं नये. कोठें तरी तार सोलवटली आहे. उलट, ११०-३ असेल, तर कपलर काढून तारांकडील दोन टोंकें लहानशा तारेनें एकमेकांस जोडावीं. आंकडा ४ झाला, तर तारा ठीक. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या पिनांचा. ३ कायम राहिला, तर वाट मध्येंच तुटली आहे. मग जोडतार काढावी, किल्ली चालू ठेवावी आणि मीटरची काळी सुई बॅटरीच्या ऋण टोंकास लावून दोन्ही पिना तपासाव्या. एकीवर ५ व्होल्ट मिळाले, तर परतीची तार तुटली. कोठेंच न मिळाले, तर जाणारी. ही युक्ति फक्त दोन तारांच्या सेन्सरला. दाबाच्या सेन्सरला बहुधा तीन तारा असतात. तेथें टोंकें जोडाल, तर ५ व्होल्टांचा पुरवठाच जमिनींत जाईल.

या पुरवठ्याचीही एक गंमत आहे. तो बहुधा अनेक सेन्सरांना सामाईक असतो, जशी चाळींत नळाची एकच तोटी. एकाच्या पोटांत शॉर्ट झाला, कीं सगळे एकदम मुके होतात, आणि घाबरा मिस्त्री चार सेन्सरांची यादी लिहून देतो ! त्याऐवजीं मीटर पुरवठ्यावर लावून एकेक कपलर काढीत जावें. ज्याचा काढतांच ५ व्होल्ट परत आले, तोच चोर.

तार कोठें पाहावी ? जेथें ती वांकते, घासते किंवा भिजते तेथें : हात वळण्याचे सांधे, इंजिनाजवळची कड, चिखल बसणारे तळाचे कपलर. कोंकणासारख्या पावसांत कपलरांत पाणी शिरून पिनांवर हिरवी पूड चढते. यंत्र महिना दोन महिने उभें असेल, तर उंदरांचाही संशय घ्यावा. दोष येऊन जाऊन असेल, तर इंजिन चालू ठेवून जुडगा हातानें हालवावा व दुसऱ्यानें पडद्याकडे पाहावें. तारेच्या आवरणांत सुई खुपसून मोजण्याची संवय मात्र फार वाईट. त्या छिद्रांतून पाणी शिरतें आणि पुढच्या पावसाळ्यांत तार आंतून कुजते.

आणि सेन्सर खरोखरच संशयित ठरला, तर टाकून देण्यापूर्वीं त्याला पातेल्यांत बसवावा. पाणी तापवीत जावें, जवळ तापमापक ठेवावा आणि दर दहा अंशांस रोध लिहून घ्यावा. आंकडे एकसारखे उतरत गेले व यंत्राच्या पुस्तकांतील कोष्टकाशीं जुळले, तर सेन्सर परत बसवावा आणि कपलर पुनः उघडून पाहावा. दुरुस्तीनंतर आंकडा पुसून टाकावा, पण यंत्र लगेच सोडूं नये. अर्धा तास बादली भरभरून काम करूं द्यावें, इंजिन पुरतें तापूं द्यावें, आणि मग पडदा पुनः वाचावा.